तक्रारीचा रकाना

रात्री साडेआठनंतर माझी खुर्ची.
परभणीचा सरकारी दवाखाना, अपघात विभागाचं दार,
जाळीच्या खिडकीआड मी केसपेपर फाडतो.
नाव, गाव, वय, आणि एक अरुंद रकाना: तक्रार.
दोन बोटं रुंद. तेवढ्यात माणूस बसवायचा.

मानवतचा एकजण. पायाला कुरूप, चार वर्षांचं.
आज रात्रीच कामून?
तर म्हणे, आज गाडी मिळाली.
एकाला फिटनेसचा दाखला हवाय, पहाटे भरती आहे.
पुढाऱ्याचा भाचा, तोंडाला वास,
'एक सलाईन लावा, उद्या घरात हळद आहे.'
आधी फोन येतो, मग तो येतो,
मग खाट सापडते.
ती कुठून सापडते, ते अकरा वर्षांत मला दिसलेलं नाही.

भिंतीवर पाटी आहे, लाल अक्षरांत:
'हा विभाग फक्त तातडीच्या रुग्णांसाठी.'
रंगाऱ्यानं जीव लावून काढलीय,
डीची वेलांटी पार पंख्याकडे नेलीय.
खाली कुणीतरी चुन्याचं बोट पुसलंय.

मुंजाजीचं डोकं पॅसेंजर येईपर्यंत दुखतं.
स्टेशनात डास, इथं पंखा आणि थंड पाणी.
मला ठाऊक आहे, त्याला ठाऊक आहे मला ठाऊक आहे.
भोंगा वाजला की डोकं उतरतं,
जाताना खिडकीत एक पेरू ठेवतो.

गंगासागर महिन्यातून दोनदा येते. छातीत धडधड.
ईसीजी दरवेळी सरळ.
सिस्टर म्हणतात, नाटकं.
ती पोराला पोटाशी घेऊन बाकावर झोपते,
उजाडलं की धडधड थांबते.
एकदा विचारलं, घरी कोण असतं?
ती वॉचमनच्या काठीकडे बघत राहिली.
'इथं उजेड राहतो न, दादा.'
मी रकान्यात लिहिलं: धडधड.

नवी इंटर्न चिडते. पोरगी शहाणी, झोपेला मोताद.
'काका, यातल्या निम्म्यांना सकाळी ओपीडीला पाठवा.'
खरं आहे तिचं. मीही पाठवायचो.
सकाळ म्हणजे साडेआठ ते साडेबारा,
सकाळ म्हणजे बुडालेला रोज,
सकाळ म्हणजे पालमची एसटी,
जी खिडकी लागल्यावर पोचते.

माघातली रात्र होती ती. दोन वाजले असतील.
खैरुनबी रांगेत सगळ्यांच्या मागं,
येईल त्याला पुढं सोडत.
'पहले उनका देखो बेटा, मेरेकू खाली गॅस है.'
गॅस.
रकान्यात कसा फिट बसला शब्द!
मी पेपर फाडून दिला आणि म्हटलं, बसा.

इंटर्नला पेपर दिसला नाही, ओढणी दिसली:
एवढ्या थंडीत घामानं चिंब,
आणि जबड्यावर दाबून धरलेला हात.
ती धावली.
खाट नव्हती. खाटेवर भाचा होता.
'उठा,' ती म्हणाली. तो फोन काढायला लागला.
तिनं बाटली हुकावरून काढून त्याच्याच हातात दिली
आणि त्याला व्हरांड्यात उभं केलं.
स्ट्रेचरचं एक चाक फिरत नाही आमच्या,
ते कुरूपवाल्यानं उचलून धरलं, लंगडत.
मुंजाजी ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत आला.
बाहेर भोंगा वाजला. त्याची गाडी गेली.

सहाला तिला नांदेडला हलवलं.
पुढचं मला माहीत नाही.
रजिस्टरात अजून 'गॅस' आहे,
खाडाखोड चालत नाही.
तेव्हापासून पेपर फाडायच्या आधी मी तोंडाकडे बघतो,
एवढंच. रांग हळू सरकते, शिव्या बसतात.

कुरूपवाला त्या रात्री बाकावरच थांबला.
साडेआठला ओपीडी उघडली, त्याचा नंबर चौथा.
आत सांगितलं, कुरूप काढायचे डॉक्टर गुरुवारी असतात.
शुक्रवार होता.